चिलापी आणि अळू

बारावीला रसायनशास्त्रात नापास झालो त्या वर्षी कोपरीतल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस मला विचारायचा, "सध्या काय करतोस?" आणि मी सांगायचो, "संशोधन." हे मी इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगायचो की समोरच्याला पुढचा प्रश्न सुचायचा नाही, आणि मला तेच हवं असायचं. संशोधन खरोखरच चालू होतं, एवढं मात्र मी आजही शपथेवर सांगेन. लायब्ररीत एका जुन्या इंग्रजी मासिकात मी एक लेख वाचलेला. परदेशात कोणीतरी टाकीत मासे पाळतो, माशांनी घाण केलेलं पाणी पंपाने वर चढवून खडीत लावलेल्या झाडांना देतो, झाडं त्यातलं खत शोषून घेतात आणि स्वच्छ झालेलं पाणी पुन्हा माशांकडे येतं. माती नको, खत नको, रोज पाणी भरणं नको. लेखाच्या मधोमध एक लांबलचक परिच्छेद रासायनिक सूत्रांनी भरलेला होता. सूत्रांपायीच मी घरी बसलेलो, त्यामुळे तो परिच्छेद मी सोडून दिला आणि थेट शेवटच्या रंगीत फोटोवर आलो. फोटोत एक दाढीवाला माणूस हातात कोबी धरून हसत होता. मला तो माणूस व्हायचं होतं. दाढीची सुरुवात मी त्याच दिवशी केली. ती काही नीट उगवली नाही, पण तो वेगळा विषय आहे.

आमच्या घरात मासे पाळायचे म्हणजे काय, हे कळायला आमचं घर कळलं पाहिजे. माझे बाबा साताऱ्याकडचे, गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूण चालायचा पण त्यापलीकडे काही नाही. आई बाळकुमची, कोळ्यांची मुलगी. आईचे वडील, ज्यांना आम्ही आजा म्हणायचो, ठाण्याच्या खाडीत होडी घालायचे. आई आणि बाबा एकाच कचेरीत होते, ती टेलिफोनच्या बोर्डावर आणि ते हिशेबाच्या टेबलावर. बाबा आधी तिच्या आवाजाच्या प्रेमात पडले आणि माणूस नंतर पाहिलं, असं आई सांगायची, आणि बाबा ते नाकारायचे नाहीत. लग्न ठरलं तेव्हा बाबांच्या थोरल्या भावाने एकच अट घातली, घरात मासा शिजणार नाही. बाबा गप्प बसले. आई हो म्हणाली. आजा मात्र म्हणाले, "जिथं मासा चालत नाय, तिथं मी कशाला चालू? त्या घरात मी पाय ठेवनार नाय." बाळकुम आमच्यापासून बसने अर्ध्या तासावर, पण माझ्या जन्मापासून आजा आमच्या घरी आलेले नव्हते.

आई जायची. नारळी पौर्णिमेला, कोणाच्या लग्नाला, मामीला बरं नसलं तर. मी आणि माझी धाकटी बहीण वैजू बरोबर असलो की आमच्यासाठी वेगळं वरण शिजायचं, आणि आम्ही दोघं अंगणात त्या वरणभातासमोर बसून आतून येणारा वास घेत जेवायचो. निघताना आई तिकडेच डोक्यावरून अंघोळ करायची, साडी बदलायची, आणि ओले केस पाठीवर सोडून बसमध्ये खिडकीशी बसायची. मला वाटायचं बाळकुमला उकडतं म्हणून. अठराव्या वर्षापर्यंत मी हेच समजत होतो. माझ्या संशोधक बुद्धीची ही एक झलक.

तर अशा घरात मी एके संध्याकाळी बाबांसमोर उभा राहिलो आणि गच्चीवर मासे ठेवू का म्हणून विचारलं. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला, माळेला हात लावला, ही त्यांची विचार करायची पद्धत. मी घाईघाईने सांगितलं की मासे खायचे नाहीत, मारायचे नाहीत, ते फक्त काम करणार. त्यांच्याकडून भाजी पिकवून घ्यायची. बाबा म्हणाले, "म्हणजे नोकरीवर ठेवणार आहेस." मी हो म्हटलं. त्यांना ते पटलेलं दिसलं, कारण घरात एकाला तरी नोकरी लागत होती, ती माशांना का होईना. आई स्वयंपाकघराच्या दारात पोळीचं लाटणं हातात घेऊन उभी होती. ती आत गेली आणि त्या दिवशीच्या सगळ्या पोळ्या करपल्या.

आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, डोक्यावर थेट गच्ची. तिथे सिमेंटची एक जुनी टाकी होती. नवीन काळी टाकी आल्यापासून ती कोरडी पडलेली आणि तीत मोडक्या खुर्च्या राहायच्या. खुर्च्या मी बाहेर काढल्या. पत्र्याचे दोन लांब ट्रे भंगारातून आणले, त्यांना तळाशी भोकं पाडली, शेजारच्या बांधकामावरून विचारून खडी उचलली आणि ती घमेल्याने तीन मजले वर चढवली. पंप जुन्या कूलरचा होता. पहिल्यांदा तो चालू केला तेव्हा मी अनवाणी, ओल्या गच्चीवर उभा होतो, आणि पुढचं मला आठवतं ते इतकंच की मी पाण्याच्या टाकीपासून बऱ्याच लांब बसलेलो होतो आणि वैजू मला विचारत होती की मी असा का बसलोय. वायर बदलल्यावर मात्र पाणी वर चढलं, खडीतून झिरपलं, भोकातून टपटप टाकीत पडायला लागलं. खाली आमच्या हॉलमध्ये छतातून तो आवाज यायचा. बाबांना पहिले काही दिवस सतत नळ उघडा राहिल्यासारखं वाटायचं आणि ते उठून न्हाणीघर बघून यायचे.

मासे आणायला मी खडवलीला गेलो. तिथल्या नदीला काठच्या उथळ पाण्यात चिलापीची पिल्लं झुंडीने फिरतात, असं कोणीतरी सांगितलेलं. चिलापी म्हणजे चिवट मासा, कुठल्याही पाण्यात तगतो, असंही सांगितलेलं. मी आईची जुनी ओढणी पाण्यात धरून दुपारभर वाकलो. काठावर कपडे धुणाऱ्या बायका आधी माझ्याकडे बघत होत्या, मग माझ्याबद्दल बोलायला लागल्या, मग उघड हसायला लागल्या. संध्याकाळी प्लास्टिकचा डबा भरून, झाकण उघडं ठेवून, तो मांडीवर घेऊन मी घरी आलो तेव्हा पँट घोट्यापर्यंत भिजलेली होती आणि छाती अभिमानाने फुगलेली होती. पुढे थोड्याच दिवसांत माझ्या माशांतल्या जवळजवळ निम्म्यांना पाय फुटले. ते टाकीच्या कडेवर येऊन बसायला लागले आणि एकेक करून गच्चीवरून निघून गेले. कॉलेजात मी स्वतःच्या हाताने बेडूक फाडलेला होता, त्याचं हृदय, यकृत, सगळं नावानिशी दाखवलेलं होतं. पण बेडकाचं पिल्लू मला कोणी परीक्षेत विचारलेलं नव्हतं.

उरले ते खरेच मासे होते, आणि ते मरायला लागले. सकाळी गच्चीवर गेलो की पाण्यावर पांढरी पोटं तरंगत असायची. ट्रेमध्ये पेरलेला पालक पिवळा पडून खडीला टेकलेला. मला वाटलं घाणीमुळे मरतायत. म्हणून मी स्वच्छता सुरू केली. रोज अर्धं पाणी काढून नळाचं ताजं पाणी भरायचं. दर रविवारी खडी बाहेर काढायची, तिच्यावर तपकिरी बुळबुळीत थर यायचा, तो धुण्याच्या सोड्याने आणि ब्रशने खसाखसा घासायचा, खडी चकचकीत करून पुन्हा ट्रेमध्ये भरायची. कूलरच्या पंपाची जाळी दात घासायच्या ब्रशने घासायची. मी जितकं घासायचो तितके मासे मरायचे, आणि जितके मासे मरायचे तितकं मी जास्त घासायचो. आमच्या घराच्या इतिहासात एवढी मेहनत मी आधी कधी केली नव्हती, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही. बाबा मेलेले मासे एका जुन्या चमच्याने उचलून शेवंतीच्या कुंडीत पुरायचे. त्यांना ते सहन होत नसे. एकदा पुरता पुरता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बाळकुमात निदान खातात तरी. वाया जात नाहीत."

मग मी आईला विचारलं. ती कोळ्यांची मुलगी, तिला माहीत असणार, असं मला वाटलेलं. आई कपडे वाळत घालत होती. चिमटा दातांत धरून तिने टाकीत डोकावून बघितलं, बराच वेळ, मग चिमटा काढून म्हणाली, "अरे, आमच्या घरात मासा पकडायचा कसा, साफ कसा करायचा, विकायचा कसा, हे कोणालाही विचार. जिवंत ठेवायचा कसा हे कोणाला ठाऊक असणार? आमचा धंदाच उलटा." तरी पुढच्या वेळी बाळकुमला गेली तेव्हा तिने ही गोष्ट तिकडे सांगितली. मामीने नंतर मला सांगितलं की आजा इतके हसले, इतके हसले, की त्यांना भिंतीला टेकून बसावं लागलं. कोळणीच्या पोटचा पोरगा मासे बुडवून मारतो, असं ते आल्यागेल्याला सांगत सुटले. मला ते समजलं तेव्हा राग आला होता. आता ते वाक्य मी स्वतःच लोकांना सांगतो.

आणि एका रविवारी सकाळी, बिल्डिंगमधली सगळी माणसं टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेसमोर बसलेली असताना, आजा आले. आमचं दार उघडंच असायचं. मी हॉलमधून पाहिलं, पांढरा सदरा, कमरेला गुडघ्यापर्यंतचा कोळ्यांचा रुमाल गुंडाळलेला, अनवाणी, असा एक म्हातारा आमच्या दारावरून, आत न बघता, सरळ पुढे गच्चीच्या जिन्याकडे गेला. आई हातातलं भांडं खाली ठेवून दारापर्यंत धावली आणि उंबऱ्यावर थांबली. मी तिच्या मागून वर गेलो. आजा टाकीपाशी उकिडवे बसलेले. मी त्यांना घरात चला म्हटलं, तेव्हा म्हणाले, "घरात पाय ठेवनार नाय बोललेलो. गच्चीचं काय बोललेलो नाय." त्यांचा नियम त्यांनी मोडला नव्हता, त्याला फक्त वळसा घातला होता. आईने वैजूबरोबर वर चहा पाठवला. आजांनी बशीत ओतून तो पुरा प्यायला आणि कप स्वतः पाण्याने विसळून ठेवला.

त्यांना माझ्या संशोधनात फारसा रस नव्हता, हे मला नंतर समजलं. ते जिवंत मासे बघायला यायचे. त्या काळात खाडीत कारखान्यांचं पाणी येऊन येऊन मासा कमी झालेला, आणि जो मिळायचा त्याला शिजवताना रॉकेलचा वास यायचा. आजांनी होडी काढणं जवळजवळ सोडलेलं. टाकीच्या कडेला बसून ते माझ्या उरलेल्या, अर्धमेल्या पिल्लांकडे तासन्‌तास बघत बसायचे, आणि मध्येच एखादं वळलं, चमकलं, की नुसता हुंकार द्यायचे. मी त्यांना कोबीवाल्या माणसाबद्दल सांगायचो. ते ऐकायचे नाहीत.

अर्थात सल्ला दिल्याशिवाय त्यांनाही राहवलं नाही. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला येताना त्यांनी कनवटीला पुरचुंडी आणली आणि माझ्या डोळ्यांदेखत मूठभर जाडं मीठ टाकीत टाकलं. "मिठाबिगर पानी म्हंजे पानी हाय का?" म्हणाले. मी अडवलं नाही, कारण मला वाटलं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे. मासे खरोखर जरा तरतरीत दिसायला लागले. ते बघून आजांनी आणखी एक मूठ टाकली, आणि त्यांचं बघून मी उत्साहाने घरातली बरणी आणून ओतली. चार दिवसांत पालक, मेथी, मी हौसेने लावलेली मिरची, सगळं कडेकडेने तपकिरी होऊन जळून गेलं. नदीच्या माशाला खाडीचं पाणी आणि पालकाला समुद्र दाखवणारे आम्ही दोघं, एक अनुभवी आणि एक शिकलेला, त्या करपलेल्या ट्रेकडे बघत उभे होतो. आजा म्हणाले की झाडं नाजूक निघाली. सगळं पाणी ओतून पुन्हा भरावं लागलं. मी नव्याने खडी घासली. उरलेल्या मोकळ्या ट्रेमध्ये आईने खालच्या नाल्याकडेचे अळूचे चार कंद आणून रोवले. अळूला चिखलपाणी चालतं, एवढाच तिचा विचार होता.

आणि मग मला कावीळ झाली. त्या उन्हाळ्यात निम्म्या कोपरीला झालेली. मी पिवळा, डोळे पिवळे, उसाचा रस आणि मऊ भात, आणि डॉक्टरांनी जिना चढायची बंदी घातलेली. मला आजारापेक्षा गच्चीचीच काळजी होती. माझ्याशिवाय सगळं मरणार, याबद्दल मला काडीची शंका नव्हती. मी खाटेवर पडून छताकडे बघत राहायचो आणि ऐकायचो. पाण्याचा टपटप आवाज चालू असायचा. सकाळी बाबांच्या चपलांचा फटक फटक आवाज, ते ऑफिसला जायच्या आधी माशांना कणकेच्या गोळ्या टाकायला जायचे. रविवारी त्यांच्या चपलांबरोबर दुसरी पावलं, अनवाणी, जड, जरा ओढत चालणारी. आधी चपला एका टोकाला आणि पावलं दुसऱ्या टोकाला. मग हळूहळू ती टाकीपाशी येऊन थांबायला लागली. मग बोलण्याचा आवाज यायला लागला, शब्द न कळणारा, एक जाडा आणि एक बारीक. आई माझ्या डोक्याशी बसून भाताचा चमचा धरायची, आणि वर आवाज आला की तो चमचा माझ्या तोंडापासून वीतभर लांब तसाच थांबायचा. वीस वर्षं हे दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. ते तिथे काय बोलले हे मला आजतागायत माहीत नाही. पुढे मी बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पाण्याबद्दल." आजांना विचारलं, ते म्हणाले, "पान्याचं."

बऱ्याच आठवड्यांनी मला जिना चढायची परवानगी मिळाली. मी कठड्याला धरत वर गेलो, काय बघायला लागेल याची मनाची तयारी करून. टाकीतलं पाणी तळापर्यंत स्वच्छ होतं. मासे होते, बोटाएवढे, मग हाताएवढे होतील असे दिसणारे, सरसर वळणारे. आणि ट्रेमध्ये अळू. हत्तीच्या कानासारखी पानं, एकावर एक, काळपट देठांची, वाऱ्यावर हलणारी, पत्रा दिसेनासा झालेला. खडीवर तपकिरी, बुळबुळीत, जाडच्या जाड थर साचलेला. बाबांना वाटत होतं खडी आजा धुतात. आजांना वाटत होतं जावई धुतात. कोणीच धुतली नव्हती. आज माझी मुलगी मला फोनवर व्हिडिओ दाखवते, या प्रकाराला आता ॲक्वापोनिक्स म्हणतात आणि त्यावर परिसंवाद होतात. त्यात सांगतात की माशांच्या घाणीतलं विष झाडांच्या खतात बदलणारे जीवाणू असतात, ते खडीवर थर धरून राहतात, त्यांना जम बसवायला महिना-दीड महिना लागतो, आणि त्यांना अजिबात डिवचायचं नसतं. मी ज्यांना दर रविवारी सोड्याने घासून काढत होतो, तेच माझे खरे कर्मचारी होते. सूत्रांच्या त्या परिच्छेदात बहुधा हेच लिहिलं असणार. तेव्हा मात्र आमच्या घरात प्रत्येकाचं वेगळं मत होतं. आजांच्या मते मीठ लागू पडलं. बाबांच्या मते कणकेच्या गोळ्या. आईचं मत होतं की मी नव्हतो म्हणून. विज्ञानाच्या सगळ्यात जवळ आई पोचली होती.

पुढच्या रविवारी आईने अळूचं फदफदं केलं. चण्याची डाळ, शेंगदाणे, मुळ्याच्या चकत्या, चिंच, गूळ, वरून लसणीची फोडणी. आणि बाजूला अळूवड्या. घरभर तो वास, आणि वर टपटप. आजा नेहमीप्रमाणे गच्चीवर होते, त्यांचं ताट वैजू वर घेऊन जाणार होती. आम्ही पाटावर बसलो. बाबांनी पहिला घास उचलला, आणि वैजू, जिला गप्प बसणं कधीच जमलं नाही, म्हणाली, "बाबा, तुम्हाला हे चालतं का? हे सगळं माशांच्या शी-शूवर वाढलंय."

बाबांचा हात थांबला. घास पुन्हा पानात ठेवला. मी शास्त्रीय स्पष्टीकरण द्यायला तोंड उघडलं आणि आईने माझ्याकडे असं पाहिलं की ते मिटलं. बाबांनी माळ बोटांत धरून अळूकडे पाहिलं. मग भरल्या पानावरून उठले. आमच्याकडे भरल्या पानावरून कोणी उठत नसे. ते हात धुऊन, चपला घालून जिन्याकडे गेले. आई पळी हातात धरून उभीच. वरून चपलांचा आवाज आला, टाकीपर्यंत गेला, थांबला. मला वाटलं संपलं, आता मासे जाणार, टाकी जाणार, आजा तर जाणारच. वैजू रडायला लागली.

मग जिन्यावरून दोन माणसांची पावलं खाली येताना ऐकू आली. पुढे बाबा होते. मागे आजा, आणि ते आमच्या दारात थांबले. बाबा वर काय म्हणाले ते आजांनी आईला नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं, त्यामुळे मला ते पाठ आहे. बाबा म्हणाले होते, "मामा, मासे तुमच्याआधी आमच्याकडे राहायला आले. आता तुम्हीही या. पान वाढलंय."

आईने तांब्या आणला. आजांनी पाय धुतले, वाकून उंबरा ओलांडला आणि बाबांच्या शेजारच्या पाटावर बसले, अवघडून, जणू पाट मोडेल. आई वाढत होती पानात आणि बघत होती आजांकडे, त्यामुळे फदफदं पानाबाहेर सांडत होतं. आजा जेवेनात. त्यांनी बाबांच्या पानाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "जावय, पन तुमाला ह्ये चालतंय का खरंच?"

बाबा म्हणाले, "शेणखतावरचं चालतं, मग हेही चालेल. आणि माळ माझी आहे, तिचं मी बघून घेईन." आणि जेवायला लागले. फदफदं दोनदा मागून घेतलं. आजांनी अळूवड्या खाल्ल्या, बऱ्याच खाल्ल्या, आणि मीठ कमी आहे म्हणाले. माझ्या प्रयोगाबद्दल त्या जेवणात कोणी एक शब्द बोललं नाही. मी वाट पाहत होतो.

पावसाळ्यानंतर आजांनी आम्हाला सगळ्यांना बाळकुमला जेवायला बोलावलं, आणि बाबा पहिल्यांदा तिकडे आले. जाताना त्यांनी अळूची एवढी मोठी जुडी घेतली की बसमध्ये तिच्यासाठी वेगळी जागा धरावी लागली. मामीने ओटीवर पानं मांडली. बाबांच्या, माझ्या आणि वैजूच्या पानात वरण. आईच्याही पानात वरण. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आई माहेरीही इतकी वर्षं मासा खात नव्हती, निघताना अंघोळ करायची ती नुसता तिथला वास घालवायला. दिलेला शब्द ती तिकडेही पाळत होती, आणि आजांना लागलेली खरी गोष्ट कदाचित तीच होती. बाबांनी आईच्या पानाकडे पाहिलं, मग मामीकडे, आणि शांतपणे म्हणाले, "हिला मासा वाढा."

मामी आजांकडे बघायला लागली. मग आजाच उठले, आतून भिंगीचं कालवण घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने लेकीच्या पानात वाढलं. भिंगी चवीला उत्तम आणि काट्यांनी गच्च भरलेली. आई जेवायला लागली. मी तिला अशी जेवताना कधी पाहिलेलं नव्हतं. मान खाली, बोटं भराभर, न बघता जिभेने काटे वेगळे करून ओठांच्या कोपऱ्यातून काढत, कोणाशी एक शब्द न बोलता. आमच्या घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणारी, मध्येच चारदा उठणारी बाई ही नव्हती. ही कोणीतरी दुसरीच होती, आणि तिला भूक लागलेली होती.

तिचं बघून मलाही चेव आला. मी म्हटलं, मलाही वाढा, मी अर्धा कोळी आहे. मामीने कौतुकाने वाढलं. मी आईसारखाच मोठा घास घेतला, आईसारखीच मान खाली घातली, आणि काटा घशात आडवा अडकला. मी खोकलो, लाल झालो, डोळ्यांतून पाणी आलं. वैजू ओरडली, बाबा पाट मागे सारून उठले आणि माझ्या पाठीवर थापा मारायला लागले, मामी पाणी घेऊन धावली, आजा सगळ्यांना बाजूला व्हायला सांगत होते. त्या गोंधळात मी डोळे पुसत आईकडे पाहिलं. तिने मान वर केली, माझ्याकडे एक नजर टाकली, माझा चेहरा अजून लालच आहे, निळा झालेला नाही, एवढं बघून घेतलं.

"कोरड्या भाताचा गोळा गिळ," ती म्हणाली. "चावू नकोस."

आणि पुन्हा आपल्या पानाकडे वळली. माझ्यासाठी जेवणावरून न उठलेली आई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.